कवीची निष्ठा आणि पक्षाचा हिशेब

नारायण सुर्वे यांचे जन्मवर्ष १९२६ मानले जाते. ‘मानले जाते’ असेच म्हणावे लागते, कारण मुंबईत कुणीतरी टाकून दिलेल्या त्या अर्भकाची जन्मनोंद करायला कोणी पुढे आले नव्हते. गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार दांपत्याने त्याला उचलून घरी नेले, आपले आडनाव दिले आणि शाळेत घातले. त्या हिशेबाने २०२६ हे सुर्वे यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष ठरते. शताब्दी म्हटली की गौरव समित्या, स्मरणिका आणि भाषणे ओघाने आलीच. आणि या भाषणांतून दोन सूर हमखास ऐकू येणार. सुर्वे कवी म्हणून मोठे होते, लाल झेंड्याच्या मागे गेले नसते तर आणखी मोठे झाले असते, हा पहिला. सुर्वे मोठे झाले ते लाल झेंड्यामुळेच, एरवी असे कितीतरी अनाथ मुलगे हॉटेलात कपबश्या विसळत संपून गेले, हा दुसरा. पहिला सूर साहित्यसंस्थांच्या दिवाणखान्यात लागतो, दुसरा चळवळीच्या व्यासपीठावर. दोन्हींमागील समजूत मात्र एकच आहे. कविता आणि राजकीय श्रद्धा ही जणू दोन वेगळी बँकखाती आहेत आणि एका खात्यातील रक्कम दुसऱ्यात वळती केली की पहिले तेवढे रिते होते किंवा दुसरे तेवढे भरते, असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते. या गृहीतकाचीच एकदा तपासणी करणे अगत्याचे आहे. आणि ती करताना डाव्या पक्षांनी स्वतःलाही सूट देऊ नये.

सुर्वे यांनी अखेरची वर्षे नेरळच्या घरात काढली. कर्जतहून निघालेली गाडी नेरळ सोडते आणि शेलू, वांगणी, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर असे करीत कल्याण गाठते. या पट्ट्याचा मराठी कवितेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी सरळ आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरणगावही विरत गेले. परळ-लालबागच्या चाळींतील खोली सोडून जी कुटुंबे स्वस्त जागेच्या शोधात निघाली, त्यांतील अनेक या मार्गावरच्या गावांत येऊन थांबली. मुळात इथेही कामगार होतेच. अंबरनाथला आयुध निर्माणी होती, धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना होता, विम्कोच्या आगपेट्या देशभर जात होत्या. शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि मोहोन्याला नॅशनल रेयॉन होती. उल्हासनगरात फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आणून ठेवलेल्या सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांनी हातमागापासून बिस्किटापर्यंत हाताला येईल तो धंदा उभा केला होता. म्हणजे ज्या माणसांविषयी सुर्वे यांनी लिहिले, ती माणसे किंवा त्यांची मुले आज दादर-परळपेक्षा या पट्ट्यातच अधिक भेटण्याचा संभव आहे. तेव्हा कवीच्या राजकीय निष्ठेचे काय झाले, हा प्रश्न इथे वाङ्मयीन चर्चेपुरता राहत नाही. ती कविता ज्यांची होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचली काय, आणि नसेल तर दोष कुणाचा, असा तो प्रश्न आहे.

मराठीत हा वाद जुना आहे. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा सामना अर्धे शतक तरी महाविद्यालयांच्या वादसभांतून रंगत राहिला, आणि त्यातून निष्पन्न काय झाले हे सांगणे अवघड आहे. त्यापेक्षा मर्ढेकरांचे उदाहरण बोधक आहे. सौंदर्यशास्त्राच्या विवेचनात ते लयतत्त्वाचे कडवे पुरस्कर्ते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या महानगरातील माणसाचे किड्यामुंगीसारखे जिणे त्यांच्या कवितेत जितक्या भेदकपणे आले, तितके त्या काळच्या कितीतरी क्रांतिगीतांत आले नाही. उलट शरच्चंद्र मुक्तिबोध हे उघड मार्क्सवादी. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा संग्रह १९४९ चा. पण त्यांनीच पुढे ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात साहित्याच्या मूल्याचा शोध पक्षाच्या ठरावात न घेता मानुषतेत घेतला, आणि त्या ग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सौंदर्यवादी म्हणवणाऱ्याच्या कवितेत समाज शिरतो आणि मार्क्सवादी म्हणवणारा सौंदर्याची बूज राखतो, हे पाहिल्यावर फडके-खांडेकरांचे पारडे बाजूला ठेवणेच बरे.

खुद्द एंगेल्स या बाबतीत आपल्या अनुयायांपेक्षा पुष्कळ सावध होता. १८८५ साली मिन्ना काउट्स्की या कादंबरीलेखिकेला लिहिलेल्या पत्रात त्याने असे सुचविले की, लेखकाचा कल प्रसंगातून आणि कृतीतून आपोआप प्रकट व्हावा, तो बोट दाखवून सांगावा लागू नये. १८८८ साली मार्गारेट हार्कनेसला लिहिताना त्याने बाल्झाकचा दाखला दिला. बाल्झाक राजेशाहीचा पक्षपाती. ज्या सरदारवर्गावर त्याचा जीव होता त्याचाच ऱ्हास त्याने निर्दयपणे रंगविला, आणि फ्रेंच समाजाच्या आर्थिक घडणीबद्दल इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ या सर्वांपेक्षा आपण त्याच्याकडून अधिक शिकलो, असे एंगेल्सने मान्य केले. अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी हे वाक्य वर्गात सांगायला हवे. बहुधा सांगितले जात नाही. पक्षाच्या सांस्कृतिक आघाड्यांनीही ते फारसे सांगितले नाही, हे अधिक आश्चर्याचे.

आता सुर्वे यांच्याकडे वळावे. आईवडील गावी परतल्यावर हा मुलगा पोरवयातच पुन्हा एकटा पडला. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला कामगार, महापालिकेच्या शाळेतील शिपाई, आणि मग व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन १९६१ साली त्याच महापालिकेच्या शाळेत शिक्षक, असा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह आला; १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’ आणि १९७५ मध्ये ‘जाहीरनामा’. कम्युनिस्ट पक्षाचे काम त्यांनी कवी झाल्यावर पत्करले असे नव्हे. पत्रके वाटणारा, भिंतींवर मजकूर रंगविणारा, मोर्चात चालणारा कार्यकर्ता आणि कवी हे एकाच वेळी घडत होते.

या राजकारणाने त्यांना काय दिले? घोषणा दिल्या, असे टीकाकार म्हणतात. आणि काही ठिकाणी ते खरेही आहे. ‘जाहीरनामा’तील काही कवितांत निष्कर्ष अनुभवाच्या आधीच येऊन उभा राहतो, कवी मागून धावत येतो. परंतु सुर्वे यांच्या ज्या कविता लोकांच्या तोंडी बसल्या त्या कोणत्या? ‘तुमचंच नाव लिवा’ घ्या. देहविक्रय करून जगणारी एक बाई मुलाला शाळेत घालायला आणते. मास्तर नोंदवहीत बापाचे नाव विचारतात आणि ती म्हणते तेच कवितेचे शीर्षक झाले आहे. या कवितेत वर्गसंघर्ष हा शब्द नाही, पक्ष नाही, क्रांतीचे आश्वासन नाही. आहे ती एक सरकारी नोंदवही, तीतला एक रिकामा रकाना आणि तो भरता न येणारी एक आई. ज्याला स्वतःच्या जन्मदात्याचे नाव ठाऊक नाही असा माणूस मास्तरांच्या खुर्चीत बसला आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला तर ती कविता दुसऱ्यांदा वाचणे जड जाते. हा निव्वळ करुणेचा विषय आहे, यात राजकारण कुठे, असे विचारता येईल. करुणा मराठी कवितेत कमी कधीच नव्हती. रविकिरण मंडळाच्या काळापासून दीनदुबळ्यांवर अश्रू ढाळणाऱ्या कविता रगडून लिहिल्या गेल्या. त्या कवितांत दुबळा माणूस बोलत नसे, त्याच्याविषयी बोलले जाई. सुर्वे यांच्या कवितेत ती बाई स्वतः बोलते. आणि मास्तरांची कीव न मागता त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवते. तिला बोलू द्यायचे, तिच्याच बोलीत बोलू द्यायचे, आणि तिचे म्हणणे शिक्षित माणसाच्या म्हणण्याइतकेच वजनदार मानायचे, हा निर्णय वाङ्मयीन असण्याआधी राजकीय आहे. युनियनच्या द्वारसभेत जो माणूस वर्षानुवर्षे इतरांचे ऐकत उभा राहिला, त्यालाच तो सुचतो.

मार्क्ससंबंधीच्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेचेही तसेच. तीत मार्क्स ग्रंथातून उतरत नाही. पहिल्या संपाच्या गर्दीत भेटतो, आणि त्याची ओळख करून देते ती एक कामगार बाई. तिच्या लेखी तो कुणी बाबा-महाराजच. कवीला याचे हसू आले आहे आणि त्याने ते लपविलेले नाही. आपल्या सर्वांत मोठ्या श्रद्धेकडे किंचित हसून पाहता येणे ही निष्ठा पक्व झाल्याची खूण होय. पक्षाच्या साहित्यात मार्क्सची चित्रे पुष्कळ झाली. त्यांत हसू बहुधा नसते.

‘ऐसा गा मी ब्रह्म’ या नावातच काय घडले आहे तेही पाहण्यासारखे आहे. उपनिषदांतील ब्रह्म आणि संतांच्या ओवीची धाटणी एका गिरणी कामगाराच्या मुलाने उचलली आणि स्वतःला लावली. मुळात ज्याच्या तोंडून हे वाक्य ऐकण्याची समाजाला सवय नव्हती त्याने ते उच्चारले. तसेच ‘माझे विद्यापीठ’ हे नाव गॉर्कीच्या आत्मकथेच्या तिसऱ्या खंडाची आठवण करून देते. पण गॉर्कीचे कझान इथे येत नाही, येते ती भायखळ्याची आणि परळची मुंबई, तिच्या बोलींसकट. सुर्वे यांच्या कवितेत घाटावरचा, कोकणातला, उत्तरेकडचा आणि मुसलमान मोहल्ल्यातला माणूस आपापले मराठी-हिंदी बोलत येतो. ‘शीगवाला’मधला दाऊद हा त्यांतलाच एक. त्याच्या तोंडून दंगल आणि फाळणी यांचे जे बोलणे कवितेत येते ते कोणत्याही सर्वधर्मसमभावाच्या ठरावात मावत नाही.

फाळणीचा उल्लेख आला की या पट्ट्यातील माणसाला उल्हासनगर आठवतेच. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी १९४९ साली ज्या छावणीचे उल्हासनगर असे नामकरण केले, तिथल्या लोकांची भाषा सिंधी. आणि त्या भाषेतील श्रेष्ठ कवींपैकी एक, शेख अयाझ, सीमेपलीकडे सक्करला वकिली करीत होता. १९६५ चे युद्ध पेटले तेव्हा अयाझ यांनी एक कविता लिहिली. शत्रू म्हणून समोर उभा आहे तो नारायण श्याम. भाषा त्याची-माझी एकच, मग त्याच्यावर बंदूक कशी रोखू, असा तिचा आशय. नारायण श्याम हे सिंधी कवी फाळणीनंतर दिल्लीला येऊन टपाल-तार खात्यात नोकरी करीत होते. युद्धाच्या ऐन भरात शत्रुराष्ट्रातील कवीचे नाव घेऊन लिहिलेल्या या कवितेने अयाझ यांच्यावर देशद्रोहाचा आरोप आणला. त्यांना तुरुंगवास घडला, पुस्तकांवर बंदी आली. उल्हासनगरच्या बराकींत राहणाऱ्या ज्या माणसांना आपले घर, शेत, नदी सगळे गमावल्याचा राग बाळगण्याचा पुरेपूर हक्क होता, त्यांच्यातही ही कविता वाचणारे होते. १९६७ साली सिंधी भाषेला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण ज्या भाषेला भूमी नाही तिला कवीच कायमचा पत्ता पुरवितो. पुढे १९७६ साली भुट्टो राजवटीत हेच अयाझ सिंध विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि कालच्या बंदिवानाने सरकारी पद घेतल्याबद्दल त्यांच्याच चाहत्यांनी त्यांना धारेवर धरले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत; १९६५ ची कविता त्यामुळे खोटी ठरली नाही.

हाच कठीण प्रश्न मराठीत नामदेव ढसाळ यांच्या बाबतीत उभा राहतो, आणि डाव्या मंडळींनी तो बहुधा टाळलेला आहे. १९७२ साल हे ‘गोलपिठा’चे आणि दलित पँथरच्या स्थापनेचेही साल. त्या संग्रहाने मराठी कवितेची भाषाच उलथून टाकली, याविषयी आज दुमत नाही. आणि त्याच कवीने आणीबाणीच्या काळात इंदिरा गांधींच्या गौरवार्थ ‘प्रियदर्शिनी’ प्रसिद्ध केले. उत्तरकाळात शिवसेनेशी जवळीक केली, ‘सामना’त स्तंभ लिहिला. समाजवाद्यांना, ज्यांचे शेकडो कार्यकर्ते १९७५ ते ७७ या काळात तुरुंगात होते, हे विसरणे शक्य नाही आणि विसरू नयेही. प्रश्न असा की, निष्ठा हीच जर कवितेचे इंधन असेल, तर निष्ठा बदलल्यावर आधीच्या कवितेचे काय करायचे? ती काढून टाकायची? कोणत्याही प्रामाणिक वाचकाला ते जमणार नाही. ‘गोलपिठा’ लिहिताना जे पाहिले गेले ते पाहिले गेले. राजकीय श्रद्धेने त्या तरुणाला कामाठीपुऱ्याकडे नाक न मुरडता, भाबडेपणाही न करता पाहण्याचे बळ दिले, आणि पाहून झाल्यावर ती कविता त्या श्रद्धेवर अवलंबून राहिली नाही. उलट ‘प्रियदर्शिनी’त सत्तेकडे पाहिले गेले ते वर मान करून, आणि कवितेला ती मान अवघडली. हिशेब पक्षाचा बाजूला ठेवला तरी एवढा फरक दिसतो.

पक्षनिष्ठा बदललीच नाही, तरी कविता आपोआप चांगली होत नाही, हेही तितकेच खरे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्या काळात समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात विस्तव जात नव्हता. बेचाळीसच्या चळवळीत वसंत बापटांसारखे सेवादलाचे कवी तुरुंगात गेले, त्याच सुमारास अण्णाभाऊ स्टालिनग्राडचा पोवाडा गात होते आणि कम्युनिस्ट पक्ष युद्धाला लोकयुद्ध म्हणत होता. त्या वेळच्या भूमिकेबद्दल समाजवाद्यांचे मत बदलण्याचे कारण नाही. पण स्टालिनग्राडच्या पोवाड्याहून अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अधिक टिकली, हा योगायोग नव्हे. ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी लिहिलेली, म्हणजे तीही प्रचारासाठीच. मात्र तिचा आरंभ होतो तो मुंबईत पोटासाठी आलेल्या आणि बायकोला गावी ठेवून आलेल्या कामगाराच्या विरहापासून. आणि बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्राबाहेर राहिल्याची सल त्याच विरहाला येऊन मिळते. गिरणीची मजुरी कुटुंबाला मुंबईत आणण्याइतकी कधीच नव्हती. कामगार इथे आणि संसार तिथे, दरमहा मनीऑर्डर, वर्षाकाठी एक फेरी, ही गिरणधंद्याच्या नफ्याची एक अदृश्य बाजू होती. मजुरांच्या पुनरुत्पादनाचा खर्च गावाने उचलायचा आणि नफा मुंबईत राहायचा. अर्थशास्त्राच्या प्रबंधात हे सिद्ध करायला शंभर पाने लागतात. अण्णाभाऊंनी ते एका विरहगीतात बसविले, आणि ऐकणाऱ्याला आपल्याला काही शिकविले जात आहे असा संशयही येऊ दिला नाही. श्रद्धा कवितेच्या पोटात होती, पाटीवर नव्हती.

पक्षांनी मात्र पाटीच वाचली. डाव्या पक्षांच्या साप्ताहिकांची, समाजवादी धरून, जुनी बाडे चाळावीत: मे दिन विशेषांक, क्रांतिदिन विशेषांक, दिवाळी अंक. योग्य भूमिका मांडणारी वाईट कविता त्यांत बिनदिक्कत छापली गेली आणि भूमिका नीट कळत नाही म्हणून चांगली कविता परत गेली, असे प्रकार दुर्मीळ नव्हते. संपादकाची अडचणही समजण्यासारखी आहे. कार्यकर्त्याने रात्र जागून लिहिलेली कविता नाकारणे सोपे नसते. परंतु यातून कवितेचे नुकसान झाले त्याहून अधिक नुकसान चळवळीचे झाले. आपल्या बाजूने लिहिणाऱ्याने आपल्यालाच काही नवे, अप्रिय सांगावे, ही अपेक्षाच सुटली. कवी हा सभेआधी गर्दी जमविणारा आणि नेता येईपर्यंत ती धरून ठेवणारा माणूस झाला.

याची किंमत कधीकधी फार मोठी असते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीवन संपविले. घोगरे क्रांतिकारी डाव्या चळवळीच्या आव्हान नाट्य मंचाचे शाहीर होते. संघटनेने शिस्तभंगाच्या कारणावरून त्यांना दूर केले होते. आनंद पटवर्धन यांच्या २०११ सालच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटाने हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. झोपडपट्टीत राहणारा, कुटुंबाचे पोट भरण्यासाठी इकडेतिकडे गाणारा एक शाहीर, आणि त्याच्या शिस्तीचा हिशेब ठेवणारी संघटना. या दोघांत अधिक वर्गीय जाणीव कुणाकडे होती हे ठरविणे कठीण नाही. त्याच्या मनात मार्क्स आणि आंबेडकर शेजारी राहत होते. कार्यालयात त्यांच्यासाठी वेगवेगळी कपाटे होती.

शाहिरी आंबेडकरी परंपरेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला, याची नोंद डाव्यांनी घ्यायला हवी. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. अक्षरओळख उशिरा झालेली, मुंबईत कष्टाची कामे केलेली. हजारो गीते त्यांनी रचली आणि गावोगाव, वस्त्यावस्त्यांतून गायिली. उल्हासनगर, अंबरनाथच्या आंबेडकरी वस्त्यांतही एप्रिलच्या जयंतीला ती ऐकू येतात. ऐकणाऱ्याला कर्ता ठाऊक असो वा नसो. त्या गीतांना कोणत्याही मध्यवर्ती समितीने मान्यता दिली नव्हती. रिपब्लिकन पक्षाचे जितके तुकडे व्हायचे तितके झाले. गीत दोन्ही-तिन्ही-चारही गटांच्या मिरवणुकीत तेच राहिले.

जर्मन कवी हाइने याची गोष्ट या संदर्भात पुन्हा सांगण्याजोगी आहे. १८४४ साली सायलेशियातील विणकरांचा उठाव झाला आणि हाइनेने त्यांच्यावर लिहिलेली कविता पॅरिसच्या ‘फोरवेर्ट्स’ या जर्मन पत्रात आली. त्या वेळी मार्क्स पॅरिसमध्येच होता, आणि दोघांचा स्नेह होता. तोच हाइने आयुष्याच्या अखेरीस लिहून गेला की, साम्यवाद्यांचे राज्य आले तर किराणा दुकानदार आपल्या गीतसंग्रहाच्या पानांत म्हाताऱ्यांना कॉफीच्या आणि तपकिरीच्या पुड्या बांधून देतील, अशी आपल्याला भीती वाटते. आणि तरीही सर्वांना खायला मिळण्याचा हक्क आहे हे तत्त्व आपल्याला नाकारता येत नाही. कवीने आपल्या श्रद्धेची किंमत स्वतःच्या कवितांत मोजायची तयारी दाखविली आणि भीती मात्र झाकली नाही. मार्क्सने कवींना सामान्य मापाने मोजू नये असे मानले. त्याच्या नावाने चालणाऱ्या पक्षांनी मापे ठेवली ती सामान्यच.

आजच्या या पट्ट्यात ही सगळी चर्चा कुणासाठी करायची? मोहोन्याची नॅशनल रेयॉन २००९ साली बंद पडली. विम्कोची आगपेटी गेली. आयुध निर्माणी आहे, परंतु ऑक्टोबर २०२१ पासून ती शासकीय खात्याऐवजी कंपनीच्या रूपात चालते. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत कामगार आहेत, पण ते ठेकेदाराचे. आज या फाटकावर तर पुढच्या महिन्यात त्या फाटकावर. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात शिवणारा, धुणारा, बटण लावणारा प्रत्येकजण नगावर मजुरी घेणारा. बऱ्याच जणांची भाषा भोजपुरी, अवधी किंवा बंगाली. बदलापूरचा चाकरमाना पहाटेच्या गाडीला लोंबकळून जातो आणि रात्री लोंबकळून येतो. द्वारसभा नाही, कारण ज्या द्वारावर ती घ्यायची तेच कायमचे नाही. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापुरात शाळेतील लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या निषेधार्थ लोकांनी तासन्‌तास रेल्वेमार्ग रोखून धरला. त्या संतापाला संघटना नव्हती. पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी नव्हते, आणि त्या दिवशी तरी कुणाचे कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीतही नव्हते. संताप आणि निष्ठा यांतला फरक तिथे उघड दिसला. निष्ठेला स्मरण असते. संताप दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या विषयाकडे वळतो.

अशा वेळी पक्षाने कवींकडे नवी गीते मागू नयेत. मागितली तर त्यांना जुन्या चालीवर नवे शब्द मिळतील. आधी त्याने स्वतःची कामे करावीत. नगावर मजुरी घेणाऱ्यांची संघटना बांधण्याचे काम अवघड आहे आणि ते कवी करणार नाही. ते झाले तर एखाद्या रात्रपाळीच्या मुलाला किंवा मुलीला दुसऱ्याचे बोलणे तासन्‌तास उभे राहून ऐकण्याची जागा मिळेल. सुर्वे यांना ती मिळाली होती. ती कविता कदाचित मराठीत नसेल. सिंधी, भोजपुरी वा या साऱ्यांच्या सरमिसळीतून झालेल्या लोकलच्या बोलीत असेल, आणि पक्षाविषयी तीत चांगले असेलच असे नाही.

शताब्दीच्या निमित्ताने एवढे तरी करता येईल. सुर्वे यांच्यावरचा कार्यक्रम मुंबईच्या वातानुकूलित सभागृहाबरोबरच अंबरनाथच्या कामगार वस्तीत आणि उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पात घ्यावा. भाषणे दोनच ठेवावीत, तीही दहा दहा मिनिटांची. बाकीचा वेळ कविता मोठ्याने वाचाव्यात. त्यांतल्या पाच-सहा भोजपुरी-हिंदीत आणि सिंधीत करून घ्याव्यात, त्याच्या भाषांतरकारांना योग्य मानधन द्यावे. पक्षाच्या पुस्तक भांडारात सुर्वे यांच्या संग्रहांच्या प्रती शिल्लक आहेत की नाहीत याची चौकशी आधी करावी, आणि नसल्यास सभेपूर्वी प्रकाशकाकडून मागवून घ्याव्यात.